बारावी कॉमर्स, संख्याशास्त्राचा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्य मंडळाच्या बारावी कॉमर्सला 'गणित आणि संख्याशास्त्र' घेतलेली मुंबईची मुलं आणि त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सीबीएसई किंवा आयएससीचा अभ्यासक्रम वेगळा आहे, त्यांना यातलं सगळं लागू पडणार नाही. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेपरात संख्याशास्त्र नेमकं किती आणि कुठले धडे?

लेखी पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा. उरलेले २० गुण कॉलेजकडून अंतर्गत मूल्यमापनाचे. पेपरचे दोन विभाग, प्रत्येकी ४० गुण: पहिला पुस्तकाच्या भाग १ वर, दुसरा भाग २ वर. भाग २ मध्ये आठ धडे आहेत. त्यांतले निखळ संख्याशास्त्राचे चार: रेषीय समाश्रयण म्हणजे लिनिअर रिग्रेशन, कालश्रेणी म्हणजे टाइम सिरीज, निर्देशांक आणि संभाव्यता वितरणं. बाकीचे चार म्हणजे कमिशन-दलाली-सूट, विमा आणि वार्षिकी, लिनिअर प्रोग्रॅमिंग, आणि असाइनमेंट-सिक्वेन्सिंग म्हणजे कामांची वाटणी आणि यंत्रांवरच्या कामांचा क्रम. पुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, त्यामुळे पुस्तक हातात नाही म्हणून सराव थांबवायचं कारण नाही.

२. अकरावीचं काहीच आठवत नाही. आधी अख्खी अकरावी परत करू का?

नको, तेवढा वेळ नाही. चारच गोष्टी घासूनपुसून घ्या: बेरजेचं चिन्ह वाचणं, मध्य आणि विचरण म्हणजे व्हेरिअन्स, सहसंबंध गुणांक म्हणजे कोरिलेशन, आणि संयोग म्हणजे कॉम्बिनेशन. पहिल्या गोष्टीवरच सर्वांत जास्त चुका होतात. 'वर्गांची बेरीज' आणि 'बेरजेचा वर्ग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १, २, ३ या संख्यांसाठी पहिली १४ येते आणि दुसरी ३६. विचरण, रिग्रेशन, सहसंबंध या सगळ्यांच्या सूत्रांत या दोन्ही शेजारी शेजारी बसतात, म्हणून इथला गोंधळ पुढे सगळीकडे जातो.

३. रोज किती उदाहरणं सोडवली म्हणजे पुरे?

आकड्याच्या मागे लागू नका. एकाच साच्याची दहा उदाहरणं ओळीने सोडवली, की चौथ्यापासून हात आपोआप चालतो आणि डोकं बंद पडतं. त्यापेक्षा प्रत्येक प्रकारातली तीन उदाहरणं निवडा: एक सरळ, एक उलटं (उत्तर दिलेलं, माहितीतला आकडा शोधायचा) आणि एक शब्दांत गुंडाळलेलं. पहिल्या दिवशी पुस्तक समोर ठेवून सोडवा, दुसऱ्या दिवशी तीच उदाहरणं पुस्तक मिटून करा आणि आठवड्याने चारही धड्यांची सरमिसळ करून पुन्हा घ्या. बोर्डाच्या पेपरात उदाहरणाच्या डोक्यावर धड्याचं नाव छापलेलं नसतं. प्रकार ओळखायची सवय सरमिसळीनेच लागते.

गाइडमधलं सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचणं म्हणजे सराव नव्हे. वाचताना प्रत्येक पायरी पटते, पण कोऱ्या पानावर पहिली पायरीच सुचत नाही. ही तक्रार आम्हाला प्रिलिमनंतर सर्वांत जास्त ऐकू येते.

४. कॅल्क्युलेटर चालत नाही. मग एवढी आकडेमोड वेळेत कशी होणार?

कॅल्क्युलेटरला परवानगी नाही, लॉग टेबल वापरता येतं. म्हणून घरीही पहिल्या दिवसापासून कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा, पडताळणीसाठीसुद्धा घेऊ नका. पडताळणीचे हातचे मार्ग प्रश्न ५ मध्ये आहेत.

लॉगची खरी गरज फिशरच्या निर्देशांकात आणि अवघड वर्गमुळात पडते. फिशर म्हणजे लास्पेयर आणि पाशे या दोन निर्देशांकांचा भूमितीमध्य (सूत्रं प्रश्न १० मध्ये). समजा लास्पेयर १२१.८ आणि पाशे १२१.५ आला. १२१.८ चा लॉग २.०८५६, १२१.५ चा २.०८४६. दोन्हींची सरासरी २.०८५१, तिचा अँटिलॉग सुमारे १२१.६५. दोन आकडे इतके जवळ असले की भूमितीमध्य त्यांच्या साध्या सरासरीला जवळजवळ चिकटूनच येतो. उत्तर १२५ आलं तर लॉगची ओळ चुकीची वाचली आहे, हे लगेच कळतं.

भागाकार शेवटपर्यंत पुढे ढकला. मधल्या पायऱ्यांत अपूर्णांक तसेच ठेवा आणि शेवटीच दोन दशांश स्थळांपर्यंत जा. आधीच पूर्णांकित केलेला रिग्रेशन गुणांक पुढे मोठ्या एक्सने गुणला की अंदाजात दिसण्याइतका फरक पडतो.

५. उत्तर बरोबर आहे की नाही हे परीक्षेत बसल्या जागी कसं कळणार?

आमच्या मते या विषयाच्या सरावाचा गाभा हाच आहे. संख्याशास्त्रातल्या जवळपास प्रत्येक उदाहरणात एक पडताळणी आत बसलेलीच असते. ती करायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही, पण सरावात केली नसेल तर परीक्षेत आठवत नाही.

रिग्रेशनचं एक उदाहरण पूर्ण पाहा. एक्स: १, २, ३, ४, ५. वाय: ५, ७, ९, ८, ११. मध्य अनुक्रमे ३ आणि ८. मध्यापासूनची विचलनं: एक्सची −२, −१, ०, १, २ आणि वायची −३, −१, १, ०, ३. पहिली पडताळणी इथेच: दोन्ही विचलनांची बेरीज शून्य यायला हवी. आली नाही तर पुढे जाऊच नका, मध्य तरी चुकला आहे किंवा एखादी वजाबाकी. पुढे गुणाकारांची बेरीज १३, एक्सच्या विचलनांच्या वर्गांची १०, वायच्या विचलनांच्या वर्गांची २०. म्हणून वाय ऑन एक्सचा (एक्सवरून वायचा अंदाज देणाऱ्या रेषेचा) गुणांक १३ ÷ १० = १.३ आणि एक्स ऑन वायचा १३ ÷ २० = ०.६५. दुसरी पडताळणी: दोन्हींची चिन्हं सारखी आहेत आणि गुणाकार ०.८४५, म्हणजे १ पेक्षा कमी. समीकरण वाय = १.३ एक्स + ४.१. तिसरी पडताळणी: एक्सच्या जागी ३ घातल्यावर वाय ८ यायला हवा, कारण रेषा मध्यबिंदूतून जातेच. ३.९ + ४.१ = ८.

कालश्रेणीत लीस्ट स्क्वेअर्सने काढलेल्या सगळ्या ट्रेंड किमतींची बेरीज मूळ वायच्या बेरजेइतकीच येते. निर्देशांकात (प्रश्न १०) फिशर आणि मार्शल-एजवर्थ हे दोन्ही लास्पेयर आणि पाशेच्या मध्ये पडतात, बाहेर गेले तर स्तंभ चुकला. संभाव्यता वितरणात सगळ्या संभाव्यतांची बेरीज १, आणि विचरण कधीच ऋण येत नाही.

६. रिग्रेशनची दोन समीकरणं दिलेली असतात. कुठलं वाय ऑन एक्स आणि कुठलं एक्स ऑन वाय, हे कसं ओळखायचं?

नुसतं बघून ओळखता येत नाही. मांडणीवरून अंदाज बांधणं हीच नेहमीची चूक. एक गृहीत धरा आणि गुणाकार तपासा. समजा २एक्स + ३वाय = ३१ आणि ८एक्स + ३वाय = ६१ दिली आहेत. पहिलं वाय ऑन एक्स धरलं तर गुणांक −२/३. दुसरं एक्स ऑन वाय, गुणांक −३/८. गुणाकार १/४, म्हणजे १ पेक्षा कमी, गृहीत बरोबर. आता वर्गमूळ १/२, आणि गुणांक ऋण असल्यामुळे सहसंबंध गुणांक आर = −०.५. हे ऋण चिन्ह विसरल्यामुळे उत्तर चुकणारी मुलं दरवर्षी असतात.

उलट धरलं असतं तर गुणांक −३/२ आणि −८/३, गुणाकार ४. चुकीच्या गृहीताचा गुणाकार नेहमी बरोबरच्या गुणाकाराचा व्यस्त येतो. म्हणून गुणाकार १ पेक्षा मोठा आला तर गृहीत उलटं करा, पुन्हा तपासायची गरज नाही. मात्र 'गुणाकार १ पेक्षा जास्त, म्हणून गृहीत चूक' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहाच. दोन्ही मध्य हवे असतील तर दोन समीकरणं एकसामयिक म्हणून सोडवा. इथे एक्सचा मध्य ५, वायचा ७.

७. मध्य पूर्णांकात येत नाही. विचलनांच्या पद्धतीत दशांशांचा डोंगर होतो. काय करू?

मध्य पूर्णांक असेल तरच विचलनांची पद्धत घ्या. नसेल तर सरळ बेरजांचं सूत्र वापरा, किंवा मूळबिंदू बदला: सगळ्या एक्समधून सोयीची संख्या वजा करा, वायमधून दुसरी. अशा वजाबाकीने रिग्रेशन गुणांक बदलत नाहीत. भागाकार केला तर मात्र बदलतात. एक्सला १० ने आणि वायला ५ ने भागलं असेल, तर नव्या आकड्यांवरून आलेला वाय ऑन एक्सचा गुणांक ५/१० ने गुणावा लागतो. सहसंबंध गुणांकाला मोजपट्टी बदलल्याने फरक पडत नाही. रिग्रेशन गुणांकाला पडतो.

८. कालश्रेणीत वर्षं सम संख्येने असली की यू कसा घ्यायचा?

यू म्हणजे हिशेब सोपा व्हावा म्हणून वर्षाच्या जागी घेतलेला लहान आकडा. वर्षं विषम असतील तर सोपं: २०१६ ते २०२० ही पाच वर्षं, यू म्हणजे वर्ष वजा २०१८. वाय १२, १५, १४, १८, २१ असेल तर बेरीज ८०, यू-वाय गुणाकारांची बेरीज २१, यूच्या वर्गांची बेरीज १०. म्हणून वाय = १६ + २.१यू.

सम असतील, समजा २०१४ ते २०२१, तर मधला बिंदू २०१७.५. तो वर्षातून वजा करून आलेल्याला अर्ध्याने भागा, म्हणजे दुप्पट करा: यू −७, −५, −३, −१, १, ३, ५, ७ येतो आणि वर्गांची बेरीज १६८. अंदाज काढताना पाय घसरतो तो इथे. २०२३ साठी यू ८ नाही किंवा ९ नाही, २ × (२०२३ − २०१७.५) = ११. शेवटच्या ७ पुढे एकेक वर्षाला दोन मिळवत गेलात तरी तेच येतं. या यूचं एक पाऊल अर्ध्या वर्षाचं असल्याने वार्षिक वाढ म्हणजे गुणांकाची दुप्पट.

वर्षं एकेकाच्या नाही, दुसऱ्याच अंतराने असतील तर भाजक तेच अंतर घ्या. १९७१, १९८१, १९९१, २००१, २०११ या जनगणना वर्षांसाठी यू = (वर्ष − १९९१) ÷ १०.

९. चार वर्षांच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेजमध्ये रकाने कुठे लिहायचे?

चार वर्षांची बेरीज दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षांच्या मध्ये लिहा, कुठल्याही वर्षासमोर नाही. मग लागोपाठच्या दोन बेरजा मिळवून ८ ने भागा. हे सेंटर्ड अ‍ॅव्हरेज तिसऱ्या वर्षासमोर येतं. दहा वर्षांची माहिती असेल तर ७ बेरजा आणि ६ सेंटर्ड अ‍ॅव्हरेज मिळतात. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन वर्षांसमोर आडवी रेघ ओढा, जागा रिकामी सोडू नका. तीन किंवा पाच वर्षांच्या अ‍ॅव्हरेजला सेंटरिंग लागत नाही.

१०. निर्देशांकाची सगळी सूत्रं एकमेकांत मिसळतात. लक्षात कशी ठेवायची?

सहाही सूत्रं पाठ करू नका, चार रकाने करा. मूळ वर्षाची किंमत आणि चालू वर्षाची किंमत, प्रत्येकीला मूळ वर्षाच्या आणि चालू वर्षाच्या नगसंख्येने गुणा. हे चार गुणाकार झाले की वॉल्श सोडून सगळी सूत्रं तेवढ्यातून निघतात. अंशात नेहमी चालू वर्षाची किंमत, छेदात मूळ वर्षाची. प्रश्न फक्त नगसंख्या कुठल्या वर्षाची एवढाच. लास्पेयर मूळ वर्षाची घेतो, पाशे चालू वर्षाची. डॉर्बिश-बाउली या दोघांची साधी सरासरी, फिशर भूमितीमध्य. मार्शल-एजवर्थ म्हणजे दोघांच्या अंशांची बेरीज भागिले दोघांच्या छेदांची बेरीज. त्यासाठी नवा रकाना नको.

लास्पेयर १४४ आणि पाशे १२१ असेल तर बाउली १३२.५, फिशर १३२. बाउली फिशरपेक्षा कधीच लहान येत नाही.

वॉल्शला दोन्ही नगसंख्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ लागतं. परीक्षेतले आकडे बहुधा पूर्ण वर्ग येतील असेच दिलेले असतात. एखाद्याच ओळीत वर्गमूळ निघत नसेल तर आधी आकडा नीट उतरवला का ते बघा. आणि रकान्याच्या डोक्यावर 'किंमत, नग' लिहिलंय की 'किंमत, एकूण खर्च', हेही वाचा. खर्च दिला असेल तर नगसंख्येसाठी त्याला किमतीने भागावं लागतं.

११. राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाच्या दोन पद्धतींनी एकच उत्तर आलं. काही चुकलं का?

नाही. फॅमिली बजेट पद्धतीत भार म्हणून मूळ वर्षाचा खर्च घेतला, की किंमत-गुणोत्तर गुणिले भार यांतली मूळ किंमत कटून जाते आणि उरतो तो एकूण खर्चाच्या पद्धतीचाच अंश. उत्तर सारखंच यायला हवं. भार वेगळे दिलेले असतील (अन्न ४०, कपडे १५ असे) तर मात्र दिलेलेच भार वापरा. भारांची बेरीज १०० आहे असं गृहीत धरू नका, बेरीज करून भागा.

१२. उदाहरण बायनॉमियलचं की पॉयसनचं?

प्रयत्नांची संख्या ठरलेली आणि लहान, प्रत्येक वेळी यशाची संभाव्यता तीच, प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र: बायनॉमियल. दर तासाला, दर पानाला, दर मीटरला सरासरी इतके, असं दिलं असेल, किंवा प्रयत्न पुष्कळ आणि संभाव्यता अगदी लहान असेल: पॉयसन. 'ई'च्या ऋण घाताची किंमत प्रश्नात दिलेली दिसली तर तो पॉयसनचाच इशारा.

पॉयसनमध्ये प्रत्येक वेळी सूत्रात शिरू नका. शून्याची संभाव्यता काढा, मग साखळी चालवा: पुढची किंमत म्हणजे आधीची गुणिले सरासरी भागिले नवा क्रमांक. सरासरी २ असेल तर शून्यासाठी ०.१३५३, एकसाठी ०.२७०६, दोनसाठी पुन्हा ०.२७०६.

१३. 'अ‍ॅट लीस्ट', 'अ‍ॅट मोस्ट', 'मोअर दॅन' यांत नेहमी गडबड होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं.

वाक्य वाचल्यावर लगेच त्याखाली संख्या लिहून काढा. पाच प्रयत्न असतील तर अ‍ॅट लीस्ट २ म्हणजे २, ३, ४, ५. अ‍ॅट मोस्ट २ म्हणजे ०, १, २. मोअर दॅन २ म्हणजे ३, ४, ५. यादी लांब झाली तर उरलेल्यांची संभाव्यता १ मधून वजा करा. वरच्या पॉयसन उदाहरणात (प्रश्न १२) अ‍ॅट लीस्ट २ म्हणजे १ − (०.१३५३ + ०.२७०६) = ०.५९४१. शून्य विसरू नका. सततच्या चलाला (कंटिन्युअस व्हेरिएबलला) मात्र 'पेक्षा कमी' आणि 'पेक्षा कमी किंवा तितकाच' यांत फरक पडत नाही, कारण एका नेमक्या बिंदूची संभाव्यता शून्य असते.

१४. कॉलेज, क्लास आणि लोकल यांतच दिवस जातो. ट्रेनमध्ये काय करता येईल?

विरार किंवा कल्याणच्या गर्दीत तक्ते मांडता येत नाहीत, तो प्रयत्नही नको. पण जुन्या पेपरांतले फक्त प्रश्न वाचून 'हा कुठला प्रकार, कुठले रकाने, पहिली पायरी काय' एवढं मनात ठरवणं उभ्याउभ्याही जमतं. हा सराव फार मोलाचा आहे, कारण परीक्षेत अडायला होतं ते इथेच. लेखी सरावासाठी घरात जागा नसेल तर जवळची अभ्यासिका बघा, आणि आठवड्यातून एकदा तरी सलग तीन तास बसून अख्खा पेपर सोडवा.

१५. पायऱ्या किती लिहायच्या? उत्तर बरोबर असलं की झालं ना?

३ आणि ४ गुणांच्या उदाहरणांत पायऱ्यांना गुण असतात. तक्ता, बेरजांची ओळ, सूत्र, सूत्रात घातलेले आकडे, उत्तर आणि त्याचं एकक: एवढं दिसलंच पाहिजे. शेवटची वजाबाकी चुकली तरी वरचे गुण राहतात. नुसतं उत्तर लिहिलं आणि ते चुकलं तर काहीच हाती लागत नाही.

बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं असतं, आणि पहिलंच लिहिलेलं उत्तर तपासलं जातं. हे प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचनांत असतं. अ‍ॅक्टिव्हिटीच्या चौकटी (अर्धवट छापलेल्या उत्तरातल्या रिकाम्या जागा) भरताना छापलेल्या पायऱ्याच पाळा. क्लासमध्ये शिकवलेली छोटी रीत तिथे बसत नाही.

वेळेचा हिशेब: १५ मिनिटं तपासणीला ठेवली तर ८० गुणांना १६५ मिनिटं, म्हणजे गुणामागे दोन मिनिटं. ४ गुणांचं उदाहरण ८ मिनिटांत होत नसेल तर पुढे जा आणि शेवटी परत या.

१६. असाइनमेंट आणि सिक्वेन्सिंगलाही अशी पडताळणी आहे का?

आहे. असाइनमेंटमध्ये शेवटी प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकच निवड असायला हवी, आणि एकूण खर्च मूळ तक्त्यातून काढायचा, बदललेल्या तक्त्यातून नाही. सिक्वेन्सिंगमध्ये यंत्राचा रिकामा वेळ म्हणजे एकूण लागलेला वेळ वजा त्या यंत्राच्या कामांची बेरीज. तक्त्यातून काढलेला आणि हा जुळला पाहिजे. वेळा सारख्या असल्याने क्रम मैत्रिणीपेक्षा वेगळा आला तरी घाबरू नका, एकूण वेळ तोच येतो.

१७. संभाव्यता वितरणात अज्ञात 'के'च्या दोन किमती आल्या तर? आणि 'अशक्य' हे उत्तर असू शकतं का?

संभाव्यता के, २के, २के, २के², ४के² असतील तर ६के² + ५के − १ = ०, म्हणून के = १/६ किंवा −१. संभाव्यता ऋण नसते, म्हणून −१ सोडा आणि सोडण्याचं कारण लिहा.

'अशक्य' हेही उत्तर असतं. बायनॉमियलचा मध्य ६ आणि विचरण ९, असं विधान खरं की खोटं विचारलं तर खोटं, कारण विचरण भागिले मध्य म्हणजे अपयशाची संभाव्यता आणि ती इथे १.५ येते. मध्य ४ आणि विचरण ३ असेल तर चालतं: अपयश ३/४, यश १/४, प्रयत्न १६. रिग्रेशनचे दोन गुणांक वेगवेगळ्या चिन्हांचे दिले असतील तर तेही अशक्यच.

१८. पेटीतून एकेक वस्तू काढायची असेल तर बायनॉमियल चालतं का?

काढलेली परत ठेवली तरच. १२ हापूसच्या पेटीत ३ नासके आहेत आणि दोन आंबे काढायचे आहेत. पहिला परत ठेवला तर दोन्ही वेळा संभाव्यता १/४, दोन्ही नासके निघण्याची १/१६. परत न ठेवता काढले तर ३/१२ × २/११ = १/२२, आणि इथे बायनॉमियलचं सूत्र लागू पडत नाही, कारण दुसऱ्या वेळी पेटी बदललेली असते. प्रश्नात 'विथ रिप्लेसमेंट' शोधा. ते नसेल आणि पेटीतल्या वस्तूंची संख्या दिली असेल तर संयोगाने सोडवा. 'कारखान्याच्या मालात १० टक्के सदोष' असं नुसतं प्रमाण दिलं असेल तर साठा फार मोठा मानून बायनॉमियल घ्यायला हरकत नाही.